चौदाव्या होलचे पाच

बॉल हलला तेव्हा तिथे मी आणि मोकाशी साहेब असे दोघंच होतो.

चौदाव्या होलला माझा पहिला फटका उजवीकडे बाभळीखाली गेला होता. तिथलं गवत घोट्याएवढं, आणि बॉल दोन काड्यांवर कसाबसा टेकलेला. मी पाय रोवले, काठी त्याच्यामागे टेकवली आणि तो अर्धा वळसा घेऊन खाली बसला. इंचभर, जास्त नाही. आम्ही कॅडी, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणारे लोक, बॉल मारायच्या क्लबला काठीच म्हणायचो, म्हणून इथेही काठीच म्हणतो. तर ती काठी माझ्या हातात तशीच राहिली.

“साहेब, बॉल हलला,” मी म्हणालो. “एक दंड लागला.”

साहेब माझी बॅग खांद्याला लावून चार पावलांवर उभे होते. त्यांनी बॉलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मला नाही दिसला.”

“काठी टेकवल्यावर हलला, साहेब.”

“बरं, बरं. मार तू.”

नियम साधा होता. काठी टेकवल्यानंतर बॉल हलला की एक फटका दंडाचा धरायचा, आणि बॉल उचलून पहिल्या जागी ठेवायचा. मी तो ठेवला आणि मारला. पुढे एक छोटा फटका, मग ग्रीनच्या कातरलेल्या गवतावरून एकाच हलक्या पुटमध्ये होलात. मारलेले चार, दंडाचा एक, मिळून पाच. साहेबांनी शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं, पेन्सिलीने एक आकडा लिहिला आणि कार्ड परत खिशात गेलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

आता साहेबांच्या खांद्यावर माझी बॅग कशी, हे सांगायला हवं. आमच्या क्लबाचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. पण तिथे वर्षातून एक रविवार कॅडींचा असायचा. त्या दिवशी आम्ही खेळायचो आणि मेंबर लोक आमच्या बॅगा उचलायचे, आमची कार्डं लिहायचे. मोठी मौज चालायची. कुणी डॉक्टर कॅडीला वाकून पाणी द्यायचा, कुणी वकील मुद्दाम लंगडत चालायचा, बायका फोटो काढायच्या. मंगळवारी क्लब उघडला की पुन्हा सगळं जागच्या जागी.

त्या वर्षी मात्र मौज नव्हती. क्लबाला असिस्टंट कोच हवा होता आणि कमिटीने ठरवलं होतं, बाहेरून माणूस आणायचा नाही, कॅडींच्या स्पर्धेत जो पहिला येईल त्याला घ्यायचं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. अठरा वर्षं कॅडी शेडच्या बाकावर बसून नंबर पुकारण्याची वाट बघितली होती. माझा नंबर एकेचाळीस. आम्हाला मैदानावर खेळायची परवानगी फक्त सोमवारी, क्लब बंद असताना, तीही सकाळी दहापर्यंत. कोच कधीही खेळू शकतो. कोचला नावाने हाक मारतात. थोरल्याच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना माझी बायको दरवेळी पेन थांबवायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, लिही, खाजगी नोकरी. ते मला संपवायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मग साहेबांना सरळ विचारलं का नाही, चौदाला काय लिहिलंत म्हणून? तर त्याचं कारण भागाजी. भागाजी माझ्या आधीपासूनचा कॅडी, तोंडाने जरा फटकळ. एकदा त्याच्या साहेबांनी एका होलला सात मारले आणि चारचौघांत सहा सांगितले. भागाजी म्हणाला, “सात झाले न्हवं का, सायेब?” साहेब हसले. दुसऱ्या दिवशी गेटवर भागाजीचा बिल्ला काढून घेतला. कारण सांगितलं, उशिरा येतो. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये न लिहिलेला कायदा झाला की साहेब सांगेल तो आकडा, आणि साहेबाने कधी स्वतः लिहिलंच तर ते कॅडीने तपासायचं नाही. तपासणं म्हणजे साहेबाला खोटारडा म्हणणं. हा कायदा इतका हाडात भिनला होता की त्या दिवशी आम्ही खेळाडू आहोत आणि कार्ड आमचं आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पंधराव्या होलपासून माझं खेळात लक्ष राहिलं नाही. आमच्या बऱ्याच आधी खेळायला निघालेला केरबा शेलार चौऱ्याहत्तरवर संपला होता, ते ओरडून सांगत एक पोरगा आला होता. माझा हिशेब मी मनात करत होतो. चौदाला पाच धरले आणि उरलेले चार होल बरोबर गेले, तर माझेही चौऱ्याहत्तर. साहेबांनी चार लिहिले असतील तर त्र्याहत्तर. मी स्वतःला सांगत होतो की साहेबांनी ऐकलंय, मी मोठ्याने बोललोय, पाचच लिहिले असतील. मग वाटायचं, “बरं, बरं” म्हणाले त्याचा अर्थ काय घ्यायचा? पंधराला, सोळाला, सतराला कसे चार चार पडले ते आजही सांगता येणार नाही. अठराव्याला शेवटचा पुट वीतभर राहिला होता. तो होलात घातला, आणि साहेब मागून म्हणाले, “शाब्बास, गोरख.” ती शाब्बासकी ऐकून मला आणखी भीती वाटली.

कार्डं जमा करायला ग्रीनच्या बाजूला तंबू ठोकला होता. आत टेबलामागे डिमेलो साहेब. सैन्यातून निवृत्त झालेले, नियमांचं पुस्तक कायम खिशात, आणि मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायचे. माझ्याबरोबर खेळणारा लहानू, चौदाला जो पार पलीकडच्या बाजूला होता, तो आधी आत गेला. त्याचं कार्ड एका तरुण डॉक्टरांनी लिहिलं होतं. लहानूने सही केली, हात जोडले, बाहेर आला. बाहेर फळ्यावर आकडे लिहीत होते. लहानूने फळा बघितला आणि भाबडेपणाने परत तंबूत डोकं घातलं.

“सायेब, माझे ब्याऐंशी झालेत. फळ्यावर एक्क्याऐंशी लावलेत.”

डिमेलो साहेबांनी त्याला आत बोलावलं. एकेक होल विचारला. सातव्याला लहानू म्हणाला चार, कार्डावर होते तीन. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, चूक माझी, मी घाईत लिहिलं. डिमेलो साहेबांनी मान हलवली. कार्ड लिहिणारा कुणीही असो, ते खेळाडूचं असतं, म्हणाले. मारले त्यापेक्षा कमी आकड्यावर सही करून तंबूबाहेर पाऊल टाकलं की खेळाडू बाद. जास्त लिहिले असते तर जास्त धरले असते, कमी असेल तर बाद. त्यांनी कार्डावर आडवी रेघ मारली.

“तू वाचलं का नाहीस सही करण्याआधी?”

“सायबांनी लिव्हलेलं कसं वाचायचं?” लहानू म्हणाला.

त्याचं पहिलं येणं तसंही शक्य नव्हतं. पण तो माझ्या बाजूने गेला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्याला चोरी करताना धरलं. मी मागे वळून बघितलं. केरबा तंबूच्या दाराशी दोरी धरून उभा होता, माझे किती होतात ते बघायला.

“धिवार,” डिमेलो साहेबांनी मला हाक मारली. “नीट बघ. मग सही.”

मोकाशी साहेबांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं. त्यांची सही आधीच झाली होती, वळणदार, इंजिनिअर माणसाची. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांचे आकडेही टाईप केल्यासारखे. मी पहिल्या होलपासून बघायला लागलो. डोळ्यांपुढे आकडे हलत होते. तेरा, चार. चौदा, चार.

चार.

मी पेन हातात घेतलं. खरं सांगतो, ते टेकवण्यापर्यंत माझी तयारी झाली होती. बाभळीखाली आम्ही दोघंच होतो. एक सही केली की कोच. मग लहानूचा चेहरा आठवला आणि हात थांबला. मी साहेबांकडे झुकलो आणि अगदी हळू म्हणालो, “साहेब, चौदाला पाच आहेत.”

साहेब खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते हसत होते, आणि प्रेमाने हसत होते, हेच भयंकर होतं.

“चारच. कर सही.”

“हलला होता, साहेब.”

“गोरख,” ते माझ्या कानाशी म्हणाले, “अकरा वर्षं तू माझं कार्ड लिहितोस. मी कधी काही म्हटलं? एक दिवस मला लिहू दे.”

साहेबांना माहीत होतं.

हे मी आजवर घरातही बोललो नव्हतो. आमच्या क्लबात कार्ड कॅडीच्या खिशात असायचं. साहेब लोक खेळायचे, आम्ही लिहायचो, शेवटी ते फक्त सही करायचे. भागाजीचा बिल्ला गेला त्याच महिन्यात मोकाशी साहेबांनी मला कायमचं घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “किती झाले रे?” आणि मी भीतीपोटी एक कमी सांगितला. ते “हं” म्हणाले. दुसऱ्या होललाही तसंच. मग सवय झाली. त्यांनी कधी मागितलं नाही, मी कधी चुकलो नाही. मला वाटायचं, माणूस मोठा आहे, डोक्यात दहा कामं असतात, मोजणं विसरत असेल. चौऱ्याण्णव साली त्यांनी क्लबाचा वार्षिक कप एका फटक्याने जिंकला. त्या दिवशी अठराव्याला ते बंकरच्या खोल वाळूत अडकले होते. वाळू उडत होती, वरून कुणाला काही दिसत नव्हतं. त्यांनी चार मारले. मी दोन धरले. रात्री त्यांच्या घरून माझ्या पोरांसाठी पेढे आले होते.

आणि आता ते मला माझंच परत देत होते. नाही म्हणायचं म्हणजे फक्त चौदाव्या होलचं नाही म्हणायचं नव्हतं. मी नाही म्हणालो की त्या अकरा वर्षांना खोटं म्हणालो, त्यांच्यासमोर, डिमेलो साहेबांच्या टेबलावर. मग भागाजीसारखं गेटवर कुणीतरी हात पुढे करणार. कोचची जागा तर गेलीच, बाकावरचीही जाणार. मी पेन टेकवलं. कागदावर शाईचा ठिपका पडला.

“काय झालं चौदाला?” डिमेलो साहेबांनी मान वर केली. त्यांचे कान तिखट.

मोकाशी साहेब सरळ बसले.

“पाच, साहेब,” मी म्हणालो. “चार मारले. बॉल हलला होता, त्याचा एक.”

डिमेलो साहेबांनी मोकाशी साहेबांकडे बघितलं. “तुम्ही होतात ना तिथे? हलला?”

“मला दिसला नाही,” मोकाशी साहेब म्हणाले. “गवत मोठं होतं. पोरगा उगाच घाबरलाय, डिमेलो. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी खेळतोय. हललेला नाही.”

“धिवार, तू बघितलास?”

“हो, साहेब.”

“वाऱ्याने?”

“वारा नव्हता, साहेब. काठी टेकवली आणि हलला. मी परत ठेवला.”

डिमेलो साहेबांनी पुस्तक काढलंसुद्धा नाही. म्हणाले, खेळाडू स्वतः दंड सांगतोय तर लिहिणाऱ्याला दिसला की नाही हा प्रश्न उरत नाही. त्यांनी कार्ड मोकाशी साहेबांकडे सरकवलं. साहेबांनी चारावर काट मारली, शेजारी पाच लिहिले आणि पुन्हा सही केली. ही सही वळणदार नव्हती. मग मी केली.

माझे चौऱ्याहत्तर झाले आणि केरबाचेही चौऱ्याहत्तर. बरोबरी झाली की आमच्याकडे शेवटचे नऊ होल बघायचे. केरबाचे छत्तीस, माझे सदतीस. केरबाला उचलून लोक फळ्यापर्यंत घेऊन गेले. त्याने तिथून मला हाक मारली, पण मी गेलो नाही.

मोकाशी साहेब उठले. त्यांनी माझी बॅग पुन्हा खांद्याला लावली. मी म्हणालो, द्या इकडे साहेब, झालं आता. ते चालू लागले. प्रथेप्रमाणे मेंबराने बॅग कॅडी शेडपर्यंत पोचवायची असते. मी मागून चालत होतो. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो, माफ करा म्हणावं, घरची अडचण सांगावी, पाया पडावं. एकही जुळलं नाही. शेडमध्ये कुणी नव्हतं, सगळे फळ्यापाशी. साहेबांनी बॅग बाकाला टेकवून ठेवली. पट्टा हातातून सोडला नाही.

“गोरख,” ते म्हणाले, “चौऱ्याण्णवला. अठराव्याच्या बंकरमध्ये. मी किती मारले होते?”

मी काठ्या पुसायचं फडकं उचललं.

“मला खरंच आठवत नाही. वाळू डोळ्यांत जात होती. तू वर उभा होतास. किती?”

मी त्यांच्याकडे बघितलं. साहेबांच्या चेहऱ्याकडे सरळ बघायची मला सवय नव्हती. त्यांच्या ओठांवर घाम होता आणि पट्ट्यावरची बोटं हलत होती. तंबूत पेन धरताना माझी हलत होती तशीच. साहेब घाबरले होते. मला घाबरले होते. अकरा वर्षं मी ज्या माणसाच्या भुवईकडे बघून आकडा ठरवला, तो आता माझ्या तोंडाकडे बघत होता. बासष्ट वर्षांचा माणूस. त्या कपावर त्यांचं नाव कोरलेलं होतं, आणि त्यांची बायको तो कप दिवाणखान्यात रोज पुसायची, हे मला त्यांच्या घरी बॅग पोचवायला गेल्यावर दिसायचं.

“दोन, साहेब,” मी म्हणालो.

“नक्की?”

“दोनच.”

ते “बरं” म्हणाले आणि पट्टा सोडला. त्यांना ते पटलं नाही हे मला कळलं. मला कळलं, हे त्यांनाही कळलं. शेडच्या दारातून जाताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

तो आठवडा मी कसा काढला, विचारू नका. रोज गेटवर पोचलो की चौकीदाराच्या हाताकडे बघायचो. तो बिल्ला मागेल असं वाटायचं. घरी मी फक्त एवढंच सांगितलं होतं की केरबा जिंकला. बायको म्हणाली, पुढच्या वर्षी बघू, आणि भाकरी थापत राहिली. कोचची जागा दरवर्षी निघत नसते हे तिला माहीत होतं. बुधवारी केरबा क्लबाचा निळा टी-शर्ट घालून आला. छातीवर त्याचं नाव होतं. त्याने मला मिठी मारली आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली, पण माझं लक्ष तेव्हाही ऑफिसच्या दाराकडे होतं. मोकाशी साहेब मंगळवार ते शनिवार आले नाहीत.

रविवारी सकाळी शेडमधला भोंगा वाजला आणि एकेचाळीस नंबर पुकारला.

साहेब पहिल्या होलवर एकटेच उभे होते. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. मी बॅग घेतली आणि सवयीने कार्डासाठी हात पुढे केला. त्यांनी कार्ड आपल्या खिशात घातलं आणि काठी मागितली. माझ्या मनात आलं, आज शेवटचा दिवस. आज खेळून झालं की सांगतील, उद्यापासून येऊ नको.

पहिला फटका बरा गेला. दुसरा ओढ्यात. दंडाचा एक. मग एक लांब, एक अर्धवट, ग्रीनवर एकच पुट. सगळे मिळून सहा. पूर्वीचा दिवस असता तर मी पाच लिहिले असते, आणि ओढा जरा विसरलो असतो तर चारही. साहेब ग्रीनवरून बाजूला झाले. खिशातून कार्ड आणि पेन्सिल काढली, लिहिलं, आणि कार्ड माझ्यासमोर धरलं.

“बघ,” म्हणाले. “बरोबर आहे का सांग.”

अठरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी कार्ड मागे घेतलं नाही. ते हातात धरून उभे होते आणि मागची तुकडी आमची वाट बघत होती. मग मी वाकून बघितलं. सहा लिहिले होते.

“बरोबर आहे, साहेब,” मी म्हणालो.